बोर्डामागची वायरिंग आणि भिंतीवरचे बटण

स्मार्ट स्विच घ्यायचे ठरले की बहुतेक लोक आधी त्याचे अ‍ॅप कसे आहे, आवाजाने दिवा लागतो का, घराबाहेरून पंखा बंद करता येतो का, याची चौकशी करतात. माझे मत असे झाले आहे की पहिली चौकशी बोर्डाच्या मागे काय आहे याची करावी आणि दुसरी, घरातल्या ज्या माणसाच्या हातात मोबाईल नसतो त्याला ते बटण नेहमीसारखे दाबता येईल का, याची. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचे सारे हळूहळू जमवता येते. त्या जमल्या नाहीत तर कितीही महागाचे उपकरण बसवले तरी घरात रोजची कुरकुर चालूच राहते.

आमचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. खालचा मजला जुना, दगडमातीच्या जाड भिंतींचा, आणि वरचा मजला नंतर विटा-सिमेंटमध्ये चढवलेला. आपल्या पेठांमध्ये अशी घरे गल्लोगल्ली दिसतात. वर मॉड्युलर प्लेटा आणि भिंतीत गाडलेले पाइप, तर खाली लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटणे आणि पट्ट्यांतून खेळवलेल्या वायरी, अशी एकाच मीटरवर दोन पिढ्यांची वायरिंग चालू असते. नव्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या सूचना अशा घरात अर्ध्याच लागू पडतात, म्हणून जुन्या घरात हे काम करताना काय काय पाहावे लागते ते सविस्तर लिहीत आहे.

साधे बटण फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, वायर जोडते आणि तोडते, एवढेच त्याचे काम. त्याला स्वतःला वीज लागत नाही. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र वायफायची चिप आणि रिले, म्हणजे चिपच्या हुकमाने वीज जोडणारे-तोडणारे छोटे बटण, असते, आणि दिवा बंद असतानाही ती चिप जागी राहावी लागते, नाहीतर मोबाईलवरून दिलेला हुकूम तिला ऐकूच जाणार नाही. या चिपला चोवीस तास वीज मिळायची तर बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायरही, हवा. ज्या बोर्डावर बटणांशेजारी पिनचे सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आलेलाच असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांच्या मुख्य बोर्डावर असे एखादे सॉकेट असतेच. अडचण येते ती नुसत्या बटणाच्या बोर्डात: जिन्यात, न्हाणीघराबाहेर, परसदारी.

आमच्या जिन्याखालचा बोर्ड उघडला तेव्हा आत दोनच वायरी होत्या, दोन्ही लाल. एका जोडावरची कापडी टेप वाळून कडक झाली होती आणि बोट लावताच तिचे तुकडे पडले. वायरमन मामांनी टेस्टर लावला. एका वायरीवर तो पेटला, दुसरीवर नाही. बटण दाबल्यावर दोन्हींवर पेटला. मामा म्हणाले, “साहेब, इथं नुसतं फेजचं येणं-जाणं हाय. न्यूट्रल वरच्या वर दिव्याला गेलाय.” चोख वायरिंग होते ते, साध्या बटणासाठी त्याहून अधिक कशाची गरजच नव्हती.

अशा ठिकाणी न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विचही मिळतात. ते दिव्यामधूनच अगदी थोडा प्रवाह सतत ओढून आपले काम भागवतात. जुन्या साठ वॉटच्या बल्बला त्या प्रवाहाचे काहीच वाटत नसे, पण नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यावर रात्रभर मंद मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग त्या दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडायचा, म्हणजे तो प्रवाह तिकडून वाहतो. हा उपाय चालतो. तरीही माझा कल न्यूट्रलची वायर नव्याने ओढण्याकडे आहे, कारण एकदा ती आली की पुढे कुठल्याही कंपनीचा कुठलाही स्मार्ट स्विच त्या बोर्डात बसतो.

न्यूट्रल आणताना एक आडवाट मात्र कटाक्षाने टाळावी. शेजारच्या खोलीचा बोर्ड हाताशी असतो, त्यातून न्यूट्रल उसना घेतला की पाच मिनिटांत काम होते. पण त्या दोन खोल्या वेगळ्या सर्किटवर असतील तर हा उसना न्यूट्रल धोक्याचा ठरतो. पुढे कोणी शेजारच्या खोलीची एमसीबी, म्हणजे तिथली वीज तोडणारे बटण, पाडून, आता वीज बंद आहे अशा समजुतीने तिथला न्यूट्रल सोडवला, तर पलीकडच्या खोलीतून आलेला दाब त्या सुट्या टोकावर असतो आणि झटका बसतो. शिवाय मजल्यागणिक वेगळी आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे संरक्षक बटण) असेल तर ती उसन्या न्यूट्रलमुळे वारंवार पडत राहते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सारखा आहे की नाही, हे ती सतत ताडून पाहते. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या फरकाला पडते. पडणे हे तिचे काम आहे. मात्र कारण कळले नाही की लोक आरसीसीबीलाच दोष देतात आणि काढून टाकायला सांगतात, आणि तिथून पुढे घरातल्या माणसांचे संरक्षणच संपते. स्मार्ट स्विचच्या निमित्ताने बोर्ड उघडणारच आहेत, तर आरसीसीबी नसलेल्या घरांनी ती आधी बसवावी. स्विच नंतर घेतले तरी चालतील.

जुन्या वायरिंगमध्ये आणखी एक दोष हमखास सापडतो. बटण फेजवर असायला हवे, ते न्यूट्रलवर घातलेले असते. दिवा लागतो, विझतो, सारे ठीक दिसते. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. बटण बंद करून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला की हे लगेच उमगते. अशा सर्किटमध्ये स्मार्ट स्विच बसवण्याआधी फेज आणि न्यूट्रल जागच्या जागी आणून घ्यावेत. हे सगळे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि बोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. २३० व्होल्टशी कोणाचीही ओळख नसते.

आता उपकरणाकडे वळतो. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक, काचेचे टच पॅनेल, जे जुनी प्लेट काढून तिच्या जागी बसते. आणि दुसरे, काड्यापेटीएवढे मॉड्यूल, जे बोर्डाच्या आत लपते आणि बाहेरची बटणे आहेत तशीच राहू देते. मी मॉड्यूल निवडले ते आईमुळे. ती पहाटे उठते, अंधारात माजघरातून देवघराकडे जाते आणि डावीकडून दुसरे बटण दाबते. त्या बटणाची जागा तिच्या बोटांना पाठ आहे. काचेच्या सपाट पॅनेलवर बोटाला काही लागत नाही. कुठे स्पर्श करायचा हे डोळ्यांनी पाहावे लागते, आणि ओल्या हाताने ते कधी ऐकते, कधी ऐकत नाही. देवघराच्या दिव्यावर आता सूर्यास्ताच्या वेळेप्रमाणे आपोआप लागण्याची सोय आहे आणि मी गावाला असलो तरी तो मोबाईलवरून बघता येतो, पण आईच्या लेखी तिचे बटण तिथेच आहे आणि तसेच चालते. तिला कोणी काही नवे शिकवावे लागले नाही. स्मार्ट घराची माझी कसोटी हीच आहे.

मॉड्यूल बसवल्यावर बाहेरचे बटण थेट वीज तोडत नाही, ते आतल्या मॉड्यूलला फक्त खूण करते. त्यामुळे बटणाच्या प्रत्येक हालचालीला दिव्याची स्थिती उलटेल, अशी मांडणी ठेवावी लागते. मोबाईलवरून विझवलेला दिवा मग बटणावरून एका दाबात लागतो. बटण वर की खाली यावरून दिवा चालू आहे की बंद, हे ओळखता येत नाही, पण जिन्याच्या टू-वे बटणांची सवय असलेल्या घराला यात नवे काही नाही. खरेदी करताना मात्र एक गोष्ट दुकानदाराकडून नक्की करून घ्यावी: राउटर पूर्ण बंद असताना भिंतीवरचे बटण चालते ना? चालत नसेल तर ते मॉड्यूल घेऊ नये. बोर्डाच्या बॉक्सची खोलीही आधी मोजावी. आपल्याकडचे जुने बॉक्स उथळ असतात, त्यात पाच-सहा बटणांच्या वायरींची आधीच दाटी असते, आणि मॉड्यूल कोंबून झाकण दाबून बसवले तर जोड सैल पडून गरम होतात. बॉक्स लोखंडी असेल तर वायफायचा सिग्नलही आणखी मंदावतो.

सिग्नलचा प्रश्न जाड भिंतींच्या घरात फार जाणवतो. घरगुती मॉड्यूल बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ गिगाहर्ट्झवर नाही, आणि नव्या राउटरमध्ये दोन्ही एकाच नावाने चालू असतील तर जोडणीच्या वेळी हमखास अडते; तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करावे. आमच्या खालच्या मजल्याच्या दगडी भिंती ओलांडून वरच्या राउटरचा सिग्नल सोप्यापर्यंत पोहोचत नव्हता. तिथे झिग्बी हा वायफायऐवजीचा दुसरा बिनतारी मार्ग बरा पडला. यात विजेवर चालणारे प्रत्येक मॉड्यूल शेजारच्या मॉड्यूलचा निरोप पुढे पोहोचवते, त्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत साखळी तयार होते. फक्त मध्ये एक हब, म्हणजे या सगळ्यांना सांभाळणारी छोटी पेटी, लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या मानकाची पहिली आवृत्ती आली, ती वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी थेट बोलावीत याच हेतूने. नवीन घेणाऱ्यांनी खोक्यावर मॅटरची खूण आहे का, हे जरूर पाहावे.

कंपनीच्या सर्व्हरवर पूर्ण विसंबून राहू नये, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचना न देता बंद पडले आणि त्या सर्व्हरवर अवलंबून असलेले अ‍ॅप लोकांच्या हातात निकामी झाले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली, पण असे भाग्य प्रत्येक उपकरणाच्या वाट्याला येईलच असे नाही. घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय चालणारी मॉड्यूल घ्यावीत. ज्यांना संगणकाची थोडी आवड आहे त्यांनी होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली एखाद्या छोट्या संगणकावर चालवून पाहावी. सगळी वेळापत्रके घरातच राहतात आणि बाहेरचे इंटरनेट गेले तरी दिवे आपल्या वेळेला लागतात.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, कोल्हापुरात दुपारनंतर ढग भरून येतात, वारा सुटतो आणि लाईट जाते. इथे आपल्या घरांतल्या इन्व्हर्टरच्या वायरिंगचा मुद्दा येतो, ज्याचा परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात उल्लेखही नसतो. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या दिव्यांसाठी वेगळी फेज ओढलेली असते आणि न्यूट्रल सामाईक असतो. म्हणजे एकाच बोर्डात दोन फेज असतात: एक मेनची, एक इन्व्हर्टरची. मॉड्यूलला वीज मेनच्या फेजवरून दिली आणि दिवा इन्व्हर्टरच्या फेजवर ठेवला, तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू असूनही मॉड्यूल झोपी जाते आणि दिवा लागत नाही. जो दिवा अंधारात हवा त्याच्या मॉड्यूलचा फेज इन्व्हर्टरच्याच वायरीवरून घ्यावा, आणि राउटर व हबही त्याच वायरीवर ठेवावेत. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला ते मानवत नाही. साइन वेव्हचा असावा. विजांच्या दिवसांसाठी मीटरजवळच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, अचानक वाढलेला दाब थोपवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला, आणि तो खर्च मला कधीच जड वाटला नाही.

लाईट परत आल्यावर मॉड्यूलने काय करावे, हे अ‍ॅपमध्ये ठरवता येते: बंद राहावे, चालू व्हावे, की जाण्याआधी जसे होते तसे व्हावे. खोलीच्या दिव्याला ‘आधीसारखे’ ठीक आहे. गिझर, इस्त्री आणि मोटर यांना ‘बंद’ याशिवाय दुसरे काही ठेवू नये. घरात कोणी नसताना लाईट यावी आणि इस्त्री तापू लागावी, असे व्हायला नको.

सॉकेटच्या बाबतीत सगळे काही अ‍ॅम्पिअरवर येऊन ठरते. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अ‍ॅम्पिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर सुमारे १३ अ‍ॅम्पिअर. १० अ‍ॅम्पिअरच्या स्मार्ट प्लगवर कन्व्हर्टर पिन लावून गिझर चालवणे म्हणजे आग विकत घेणे आहे. त्यासाठी १६ अ‍ॅम्पिअरचेच उपकरण, स्वतंत्र जाड वायर आणि खात्रीची अर्थिंग हवी. प्लगवर हात ठेवून पाहावा. कोमट लागला तर चालेल, चटका बसत असेल तर काढून टाकावा. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते आणि २००० वॉटच्या गिझरला त्यासाठी साधारण सोळा-सतरा मिनिटे पुरतात, म्हणून आमचा गिझर पहाटे ठरल्या वेळी वीस मिनिटांसाठी लागतो आणि आपोआप बंद होतो. फ्रीज स्मार्ट प्लगवर लावू नये, कारण तिथे सोयीपेक्षा चुकून बंद पडण्याची जोखीम मोठी आहे.

पाण्याच्या मोटरीचे प्रकरण वेगळे आहे. अर्ध्या किंवा एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. लहान मॉड्यूलमधल्या रिलेचे संपर्क त्या धक्क्याने वितळून एकमेकांना चिकटू शकतात, आणि मग अ‍ॅपवर ‘बंद’ दिसत असताना मोटर चालूच राहते. मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (जड प्रवाह पेलणारी मोठी रिले) ओढावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर चालवावी, हीच योग्य रीत आहे. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कोणत्याही पॅनेल बनवणाऱ्याच्या रोजच्या सवयीचे आहे. नळाचे पाणी आले नाही आणि खालची टाकी रिकामी असली तर घड्याळावर लागलेली मोटर कोरडी फिरते, म्हणून खालच्या टाकीत फ्लोट स्विच (पाणी संपले की मोटर बंद करणारा) असल्याशिवाय मोटरीला वेळापत्रक लावू नये. पंख्यांबद्दल थोडक्यात: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, रिमोटच्या) पंख्याला कोणताही रेग्युलेटर, स्मार्ट किंवा साधा, लावू नये, त्याला फक्त चालू-बंद द्यावे आणि वेग त्याच्या रिमोटने बदलावा.

वीजबिल किती कमी होते, असे सगळेच विचारतात, तर त्याचा हिशेब मांडतो. प्रत्येक मॉड्यूल जागे राहण्यासाठी साधारण एक वॉट घेते असे धरले, तर दहा मॉड्यूल महिन्याला ७.२ युनिट खातात. नऊ वॉटचा एक दिवा रोज दोन तास विसरून चालू राहिला तर महिन्याला जेमतेम अर्धा युनिट जळतो. तेव्हा दिव्यांच्या जोरावर बचत होईल अशी अपेक्षा कोणी धरू नये. बचत झालीच तर एसी आणि गिझर यांच्या शिस्तीतून होते. मी हे काम केले ते आईवडिलांना रात्री जिना चढता-उतरता उजेड मिळावा, मोटर विसरून टाकी वाहू नये आणि गावाला असताना घराची खबर असावी यासाठी, आणि त्या तिन्ही गोष्टी मिळाल्या.

पुराच्या भागातल्या घरांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या किंवा सुतारवाड्यातल्या माणसाला हे आकडे सांगावे लागत नाहीत. घर सोडून जाताना मोबाईलवरून सगळे ‘बंद’ केले म्हणजे घरातली वीज बंद झाली, असे मुळीच नाही. रिले फक्त दिव्याची वायर तोडते. मॉड्यूलपर्यंत, सॉकेटपर्यंत आणि बोर्डाच्या जोडांपर्यंत फेज तसाच असतो. निघताना मेन स्विच हाताने पाडावा. पाणी ओसरल्यावर भिजलेली मॉड्यूल वाळवून पुन्हा वापरू नयेत, आणि अशा घरात नवे बोर्ड बसवताना ते मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत.

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे: कोणते मॉड्यूल कोणत्या बोर्डात, मेनच्या फेजवर की इन्व्हर्टरच्या, आणि कोणती एमसीबी पाडली की ते बंद होते. त्याच कंपनीची दोन मॉड्यूल जादा घेऊन ठेवली आहेत. उद्या मी घरी नसताना एखादे बिघडले तर मामांना कोणालाही न विचारता ते बदलता आले पाहिजे, किंवा मॉड्यूल काढून दोन वायरी थेट बटणाला जोडून दिवा लगेच सुरू करता आला पाहिजे. परसदारचा लाकडी बोर्ड अजून जुन्याच वायरिंगवर आहे. तिथे न्यूट्रल आणायचा तर दगडी भिंतीवरून नवी पट्टी मारावी लागेल, आणि त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. भिंत वाळल्यावर, नवरात्राच्या सुमारास, मामा ते काम हातात घेणार आहेत. तोवर तिथला दिवा काळ्या गोल बटणावरच चालेल.